एकसष्ट जणांचं मत

आमच्या कॉलेजात कसलाही फॉर्म आला की तो सी.आर.च्या, म्हणजे वर्गप्रतिनिधीच्या, गळ्यात पडतो, आणि यंदा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची सी.आर. मी, आरोही. बासष्ट फॉर्म वाटायचे, बासष्ट गोळा करायचे. गोळा कुठले व्हायला? मागच्या सी.आर.नं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "बसून स्वतःच भर. सगळे तेच करतात."

मार्चमध्ये आला तो सोमशेखर सरांच्या पुस्तकाचा फॉर्म. सर आम्हाला संख्याशास्त्र शिकवतात. विकतचं पुस्तक बंद करून त्यांनी स्वतःच एक लिहिलं आणि सगळ्यांना मोबाईलवर मोफत दिलं. त्यात चादरीच्या मागांची गणितं, मंद्रूपच्या बाजारातले ज्वारीचे भाव, आणि अक्कलकोटकडच्या पोरांसाठी अवघड शब्दाखाली कानडीत एक ओळ. पुढच्या सत्रासाठी दुसरा भागही सरांनी लिहायला घेतला होता. तो चालू ठेवायचा की नाही, हे कॉलेजची कमिटी आमच्या मतावर ठरवणार होती.

मी वर्गात फॉर्म वाटले. अभिमन्यू म्हणाला, "फुकटच्या पुस्तकाला कसलं मत गं?" मागून कुणीतरी ओरडलं, "वर प्रकाशकाचं नाव न्हाय, परीक्षेत चालतंय व्हय ते?" हशा झाला, तास संपला, फॉर्म बाकांवर पडून राहिले. भरून दिला तो एकट्या सिद्धम्मानं. दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात.

"एवढं काय लिहायलीस गं?" मी विचारलं.

"मला पहिल्यांदाच गणित कळालंय की," ती म्हणाली. "घरात आमी कानडी बोलतो. सरांनी लई केलंय बघ. दुसरा भाग आला म्हणजे मी सुटले."

ऑफिसात चारच्या आत फॉर्म द्यायचे होते आणि तिकडे आई चुलतबहिणीच्या लग्नाच्या साड्यांसाठी नवी पेठेत माझी वाट बघत होती. फोनवर फोन. माझं डोकं फिरलं. कॅन्टीनमध्ये बसले आणि एकसष्ट फॉर्म भरून टाकले. प्रत्येक प्रश्नाला पहिला पर्याय. पहिला पर्याय काय होता? 'अजिबात उपयोगी नाही.' वाचला मी तो, खोटं कशाला बोलू! पण एवढ्यानं काय आभाळ कोसळतंय, असं वाटलं. सूचनांच्या रकान्यात काहीतरी हवं म्हणून कुठं 'भाषा गावठी आहे' लिहिलं, कुठं 'कानडी कशाला?' लिहिलं. संशय नको म्हणून तीन पेनं बदलली. एवढी हुशार मी!

आठवड्यानं नोटीस लागली. पुढच्या सत्राला सरांचं पुस्तक बंद, त्याऐवजी पुण्याचं जाडजूड. सिद्धम्मा नोटिशीसमोर उभी होती.

"कुणाला नको होतं गं?" तिनं मलाच विचारलं.

"काय की," म्हटलं आणि सटकले. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा पकडले जायची भीती जास्त वाटत होती, याचीही पुन्हा लाज.

तिसऱ्या दिवशी कसाबसा धीर करून स्टाफरूममध्ये गेले. सर एकटेच होते. पुढ्यात आमच्या फॉर्मचा गठ्ठा, कॉम्प्युटरवर पुस्तक उघडलेलं. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवली.

"बरं झालं आलीस. हे जरा वाच. कानडी ओळी सगळ्या काढल्यात. चादरीचे माग काढले, ज्वारी काढली. आता भाषा बरी वाटती का? कमिटीला परत एकदा दाखवून बघतो. एवढ्या पोरांना आवडलं नाही म्हणजे चूक माझीच की."

मला रडूच फुटलं. "सर, ते फॉर्म मी भरलेत."

"कुठले?"

"सगळे. सिद्धम्माचा तेवढा सोडून."

सरांनी चष्मा काढला. गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चांगले दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे पोरांना आवडलंय?" त्यांनी एवढ्या आशेनं विचारलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माहीत नाही सर. मी कुणाला विचारलंच नाही."

"बरं, तुझं सांग. तुला कसं वाटलं?"

'छान आहे सर' म्हटलं असतं तर सुटले असते. तोंडापर्यंत आलंही होतं.

"सर," मी म्हटलं, "मी ते अजून उघडलेलंच नाही."