एकाच मुलीला दोन अस्वलं

आमच्या आयोगात माणसं सात. तीन न्यायाधीश, त्यांना राज्याचं सर्वोच्च न्यायालय नेमतं. दोन वकील, त्यांना वकिलांची संघटना पाठवते. आणि उरलेले दोघे आमच्यासारखे, कायद्यातलं ओ की ठो न कळणारे. आम्हाला गव्हर्नर नेमतात. मी पशुखाद्याचं दुकान चालवते. न्यायाधीशांच्या वागणुकीची चौकशी करायला मी कशाला हवी, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेव्हा आयोगाचा सगळा कारभार बघणारी कॉर्लिस म्हणाली, की जज कसा वागतो ते त्याच्यासमोर उभं राहणाऱ्यालाच जास्त कळतं, आणि तू त्या लोकांची आहेस. झालं. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी मी नव्वद मैल गाडी हाकत राजधानीला जाते आणि कॉर्लिसची पाणचट कॉफी पिते.

तक्रार कुणीही करू शकतो. बहुतेक तक्रारी 'मी खटला हरलो, म्हणजे जज नालायक' याच थाटाच्या. त्या कॉर्लिस बाजूला काढते. उरलेल्या आमच्यापुढे येतात, तेव्हा तक्रारदार आणि जज अशा दोन्ही नावांवर तिने काळी पट्टी मारलेली असते. आणि तरीही माणूस ओळखीचा निघालाच, तर 'माझा संबंध आहे' एवढंच बोलायचं आणि बाहेर जायचं. मत द्यायचं नाही, आत काय झालं ते विचारायचंही नाही.

एप्रिलमधल्या शुक्रवारी एक तक्रार आली. टाइप केलेलं एकच पान. या जजनी एका मुलीचं दत्तकविधान मंजूर केलं, रिवाजाप्रमाणे मुलीला लाकडी हातोडा आपटू दिला, तिला विणलेलं अस्वल दिलं. दहा मिनिटांनी तेच प्रकरण पुन्हा पुकारलं, तेच प्रश्न विचारले आणि दुसरं अस्वल दिलं. सगळे हसले. पण त्याच आठवड्यात एका माणसाच्या सुटकेच्या हुकुमावर सही करायची त्यांच्याकडून राहून गेली. तो माणूस अकरा दिवस जास्त तुरुंगात राहिला. त्याला कुणी हसलं नाही. हा जज यापुढे खुर्चीत बसता कामा नये.

मी पान खाली ठेवलं. अगं कॉर्लिस, नावावर पट्टी मारलीस, अस्वलाचं काय? विणलेलं अस्वल देणारा जज आमच्या अख्ख्या राज्यात एकच, हाल्वर स्टेनेरुड. अस्वलं त्यांची बायको आर्डिस विणते. सव्वीस वर्षांपूर्वी मी जोलीनला दत्तक घेतलं ते त्यांच्याच समोर. चार वर्षांची कार्टी, हातोडा तीनदा आपटला आणि सोडेचना. ओढाताण करायला गेले तर त्यांनी मलाच दटावलं, हातोडा तिला घरी नेऊ दिला आणि उरलेला दिवस कॉफीच्या मगाने टेबल ठोकून काम चालवलं. तो हातोडा अजून आमच्या फळीवर आहे.

आता खरं सांगायचं तर माझ्या मनात पाप आलं. गप्प बसले तर माझं मत त्यांच्या बाजूने पडेल. नाहीतर उघड सुनावणी, पेपरात फोटो, चौतीस वर्षांच्या नोकरीचा असा शेवट. पण ते अकरा दिवस काही गिळवेनात. शेवटी मी 'माझा संबंध आहे' म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

दोन मिनिटांत एक वकील बाहेर आला. मग दुसरा. मग शाळेची बस चालवणारा आमच्यातला दुसरा सदस्य, मग एकामागून एक दोन जज. बाकावर जागा उरली नाही. सगळ्यात शेवटी आपला मग घेऊन अध्यक्ष जज प्रुइट आले. वकिली सोडून ते जज झाले ते स्टेनेरुडसाहेबांच्या सांगण्यावरून. मी एकट्याने ठराव मांडून एकट्यानेच हात वर करू का, असं ते कुरकुरले.

कॉर्लिस कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. बदली माणसं बोलवा म्हणावं, तर ती कुठून आणायची, त्यांच्याही घरी अस्वलं असणारच. तिने जाडजूड नियमावली उघडली. सगळ्यांचाच संबंध असेल आणि ते काम करायला दुसरं कुणी नसेल, तर कुणालाच बाहेर जाता येत नाही, असं त्यात होतं. "चला आत," ती म्हणाली. "प्रेम आहे म्हणून कामातून सुटका नाही."

नाव तर सगळ्यांना कळलंच होतं, म्हणून तिने मूळ कागद पुढे ठेवला. जजचं नाव, हाल्वर स्टेनेरुड. तक्रारदाराचं नाव, हाल्वर स्टेनेरुड.

प्रुइट चष्मा काढून पुसायला लागले, आणि बराच वेळ पुसतच राहिले. मग ठरलं, की स्टेनेरुडसाहेब स्वतःहून निवृत्त झाले तर सुनावणी नाही. नाही म्हणाले, तर मात्र उघड सुनावणी. विचारायला प्रुइट आणि मी जायचं.

मंगळवारी दुपारी आर्डिसने दार उघडलं आणि तिथेच हळू आवाजात सांगितलं. मार्चमधल्या एका सकाळी, डोकं लख्ख चालत असताना, त्यांनी तिला मजकूर सांगितला, तिने टाइप केला. मन बदलायच्या आत टाक म्हणून लगेच पोस्टात टाकायला लावला. संध्याकाळपर्यंत ते सगळं विसरले होते.

मला मात्र त्यांनी लगेच ओळखलं. हातोडा परत कधी करणार, असं विचारलं. आर्डिसने रूबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून भाजलेला गोड 'पाय' कापून बशा दिल्या, आणि सगळ्यांचं खाऊन झाल्यावर प्रुइटनी तक्रारीचा कागद पुढे केला, नियमाप्रमाणे दोन्ही पट्ट्या मारलेला. जजसाहेबांनी तो दोनदा वाचला.

"कुणी लिहिलंय हे?" त्यांनी विचारलं.

प्रुइटनी माझ्याकडे पाहिलं. नाव सांगता येत नाही, असं मीच म्हणाले.

"नकोच सांगू. पण लिहिलंय चोख. उगाच आदळआपट नाही, खोटं नाही. अकरा दिवस..." ते थांबले. "त्या माणसाची कुणी माफी मागितली का?"

नाही, म्हणाले मी.

"मग उद्या त्याच्याकडे जायचं. आर्डिस, लिहून ठेव." त्यांनी प्रुइटच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि आम्ही सोबत नेलेल्या निवृत्तीच्या अर्जावर सावकाश सही केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हर्ना, लिहिणाऱ्याला माझा निरोप दे. माझा त्याच्यावर राग नाही."

"त्यांचाही तुमच्यावर नाही, जजसाहेब," मी म्हणाले. रडायचं नाही असं घरून ठरवून आले होते, ते काही जमलं नाही.

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि आर्डिसला म्हणाले, की 'पाय' केलायस ना, मग पाहुण्यांना वाढ की, आणि मलाही दे. त्यांची रिकामी बशी समोरच होती. आर्डिसने दुसरा तुकडा वाढला. आम्हीही पुन्हा घेतला.