सत्कार झाल्यावर सांगू

सत्काराच्या दिवशी सकाळी पुण्याहून फोन आला, तेव्हा मी घरामागच्या दोरीवर साडी वाळत घालत होते. माझी नव्हे, आईची. माझ्या सत्काराला ती नेसणार होती.

फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती. कुणी एवढं गोड बोलायला लागलं की मी सावध होते. "तृप्तीमॅम, तुमचं काम आमच्या सगळ्या टीमला खूप आवडलं," ती म्हणाली. याआधी ती मला नुसतं तृप्ती म्हणायची. आज मॅम म्हणाली तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. मग तिने हळूच सांगितलं, की मराठी विभागाची भरती कंपनीने सध्या थांबवली आहे, सोमवारी रुजू व्हायला येऊ नका, परिस्थिती बदलली की पहिला फोन तुम्हालाच करू.

"परिस्थिती म्हणजे काय?" मी विचारलं.

ती म्हणाली, "बातम्या मशीनच लिहितं ना आता. तुम्ही दुरुस्त्या करून दिल्यात, त्याने तर ते खूपच सुधारलंय."

यात खोटं काही नव्हतं. पुण्यातल्या त्या बातम्यांच्या वेबसाइटने निवडीच्या आधी मला मशीनने लिहिलेल्या बातम्या पाठवल्या होत्या. त्या माणसाने लिहिल्यासारख्या करून द्यायच्या, हीच परीक्षा. मी जीव ओतून केलं. नुसतं दुरुस्त करून थांबले नाही, शेजारी कारणंही लिहिली. इथे असं का म्हणत नाहीत, आमच्याकडे हे कसं बोलतात, शहाणपणाचा नुसता पूर आला होता मला. स्वतःच्या पायावर एवढा नेमका धोंडा पाडून घेणारी दुसरी मुलगी अख्ख्या भोकरदन तालुक्यात सापडायची नाही.

मला सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच मोबाइलवर बातम्या वाचायची सवय. अमुक कंपनीने इतक्या हजार लोकांना घरी पाठवलं, तमुक भरतीची परीक्षा पुन्हा पुढे ढकलली, पेपर फुटल्याची चौकशी होणार, तिकडे युद्ध थांबलं, पण बॉम्ब पडतच आहेत. हे सगळं मी चहात खारी बुडवत वाचत आले. वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण खारी संपेपर्यंतच. ती हजार माणसं म्हणजे मला एक आकडा होती. त्यांच्यातल्या एखादीच्या घरी तेव्हा आईची साडी वाळत असेल, हे लेखिका म्हणवून घेणाऱ्या मला एकदाही सुचलं नाही. आणि आता मीच त्या बातमीत जाऊन बसले होते, तर बातमी द्यायलाही कुणी नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिल्या धक्क्यानंतर मला लगेच दुसरी गोष्ट आठवली, आणि तिनेच जरा धीर आला. अण्णांची जागा.

अण्णा, म्हणजे माझे वडील काकासाहेब, नवीन जालन्यात राधेश्याम शेठच्या बियाण्याच्या कंपनीत गोदामावर आहेत. मी जन्मायच्या आधीपासून ते मोटारसायकलवर केदारखेड्याहून जालन्याला जाऊन येऊन करतात. मार्चअखेर ते घरी बसणार. शेठने त्यांना शब्द दिलेला, की तुम्ही गेलात की तुमच्या घरातलं एक माणूस ऑफिसात घेऊ. अण्णांच्या मनात ती जागा माझ्यासाठी होती. मी मात्र वर्षभर नाक मुरडत होते. बियाण्याच्या पिशव्यांची बिलं करायला मी पत्रकारिता शिकले नाही, असं एकदा चार पाहुण्यांदेखत ताटावरून उठून सुनावलंही होतं. अण्णा त्यावर एवढंच म्हणाले होते, "लिहून कुनाचं भलं झालं, एक नाव सांग." माझी पहिली कथा दिवाळी अंकात छापून आली, तेव्हा त्यांनी तो अंक उलटापालटा करून विचारलं होतं, "ह्याचं आता काय करायचं असतं?"

आता ती बिलं मला गोड वाटायला लागली. जागा अजून कुणाला दिलेली नव्हती. अण्णांना खरं सांगायचं, ते दोन दिवस धुसफुसतील, मग शेठला फोन करतील. नाक कापलं जाईल, पण पोटापाण्याचं होईल. लिहिणं रविवारी. एवढा सगळा हिशोब मी त्या दोरीखाली उभ्या उभ्या मांडला आणि आधी आईकडे गेले.

आई चुलीवर गोड बुंदीचा पाक बघत होती. ऐकून तिने झारा खाली ठेवला आणि आधी दार लोटून घेतलं.

"कुनाला बोललीस का?"

"नाही. अण्णांना सांगते आता."

"गप राह्य. मांडव घातलाय, पाव्हणे निघालेत, जालन्याहून शेठ येऊन राह्यलेत. सत्कार होऊ दे, मंग सांगू."

"आई, हा सत्कारच खोटा आहे."

"अन् आत्ता सांगून काय व्हईल? त्या मानसाला चारचौघांत खाली बघाया लावशील. आठ दिवस झाले, चालताना जमिनीवर पाय न्हाई त्यांचा. येवढी एक दुपार जाऊ दे, माय. रातच्याला मी सांगते."

तिचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. आमच्याकडे कार्यक्रमापुढे सगळं थांबतं. मयताची खबरही जेवणाची पंगत उठल्यावर सांगतात.

तरी मी देवळाकडे गेले. मारुतीच्या सभामंडपासमोर अण्णा आणि शेजारचे रखमाजीकाका फ्लेक्स बांधत होते. काका शिडीवर, अण्णा खाली शिडी धरून. फ्लेक्सवर मी होते, कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या फोटोत, एक डोळा अर्धा मिटलेला. खाली लिहिलं होतं: केदारखेड्याची लेक आता पुण्याच्या पत्रकारितेत. माझ्या बाजूला पोलीस भरतीत लागलेला राजानंद होता. त्याचे दोन्ही डोळे उघडे होते.

"अण्णा, जरा बोलायचं होतं."

"बोल की. पन आधी सांग, फोटू बराबर दिसून राह्यला का?"

"दिसतोय."

"रखम्या, ह्या पोरीला फोन आल्ता, तवा पुन्याची मॅडम माझ्याशी बी बोलली, काय म्हन्ली ठाव हाय का? काका, तुमच्या मुलीसारखं मराठी आमच्याकडं कुनालाच येत न्हाई. मला काका म्हन्ली!" हे रखमाजीकाकांना पाठ झालं असणार, कारण त्यांनी वरूनच मान डोलावली. अण्णा माझ्याकडे वळले. "हं, काय म्हनत व्हतीस?"

दाढी घोटलेली, नवा पांढरा सदरा, त्याच्या इस्त्रीच्या घड्या तशाच. इतके आनंदात मी त्यांना माझ्या बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

"काही नाही. तुम्ही टोपी घाला, ऊन लागेल," मी म्हणाले.

घरी आले तर ज्योत्स्ना माझी वेणी घालायला येऊन बसलेली. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, पलीकडच्या आळीतल्या दुर्गाबाईंची एकुलती एक. वडील ती सातवीत असतानाच गेले. बी.कॉम. होऊन घरी बसली आहे. नवीन जालन्यातल्या कुठल्या ऑफिसाची पायरी चढायची तिने बाकी ठेवली नाही. सगळीकडे विचारतात, कुणाच्या ओळखीची आहेस? ती कुणाच्याच ओळखीची नाही.

"नशीब काढलंस बाई," वेणीत गजरा खोवत ती म्हणाली. "तुझं बघून मला बी वाटून राह्यलं, काहीतरी व्हईल आपलं."

"होईल ना," मी आरशात न बघता म्हणाले. तिला सांगावं असं फार वाटलं. पण आईने दारातून डोळे मोठे केले.

कार्यक्रम ठरल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा सुरू झाला, कारण शेठची गाडी राजूरला गणपतीच्या दर्शनाला थांबली होती. मला फेटा बांधला. तो सारखा भुवयांवर उतरत होता आणि मी तो दोन बोटांनी वर सरकवत होते. आधी राजानंदचा सत्कार झाला. त्याला टाळ्या जास्त पडल्या, शिट्ट्याही. मग माझा. सरपंचांनी शाल घातली, नारळ दिला, शेठनी डोक्यावर हात ठेवला. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी मला लेखणीची रणरागिणी म्हटलं. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. ते लोकांना शोभून दिसलं.

मग गुरुजी म्हणाले, आता तृप्तीताईंचे वडील आपलं मनोगत मांडतील.

अण्णा माईकवर बोलणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यात त्यांनी माईक हातात घेतला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"मी काय बोलनार. मी गोदामातला मानूस. ही पोरगी लिहिती म्हनून तिला लई टाकून बोललो मी. लिहून कुनाचं भलं झालं, असं बोललो. पन तिनं लिहूनच नोकरी आनली. कुनाची वळख न्हाई, चिठ्ठी न्हाई, नुसतं लिहून. मी चुकल्तो. चारचौघांत बोललो व्हतो, तर चारचौघांतच सांगतो."

ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं वाट पाहिली, ते अण्णा आज बोलत होते. एक दिवस आधी बोलले असते तर मी गावभर नाचले असते.

"आता दुसरी गोष्ट," अण्णा म्हणाले. "शेठजी इथं बसलेत. त्यांनी मला शब्द दिल्ता, की काकासाहेब, तू घरी गेला की तुझ्या घरातलं एक मानूस हापिसात घेऊ. ती जागा मी हिच्यासाठी धरून ठेवल्ती. आता माझ्या घराला ती कशाला? शेठजी, इनंती हाय, ती जागा दुर्गाबाईच्या ज्योत्स्नाला द्या. हुशार हाय, बाप न्हाई तिला. माझंच घर समजा."

राधेश्याम शेठ उठून उभे राहिले. "काकासाहेब, तुम्ही बोललात म्हणजे बिलकुल पक्कं. बेटी, सोमवारी ये जल्दी, दहाच्या आत."

बायकांच्या घोळक्यातून दुर्गाबाईंचा हुंदका ऐकू आला. ज्योत्स्ना जागेवर उभी राहून इकडे तिकडे बघत होती. आपल्यालाच बोलावलंय, हे तिला खरं वाटत नव्हतं. मी आईकडे पाहिलं. आई अर्धवट उठली, तोंडाला पदर लावला आणि पुन्हा खाली बसली.

माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझ्या दोन्ही छापून आलेल्या कथांत नायिका अशाच वेळी उठते आणि सगळ्यांसमोर खरं बोलते. लिहायला काय, मी भराभर लिहून गेले होते. इथे उठून मी काय बोलणार होते? की थांबा, ती जागा मला पाहिजे? ज्योत्स्ना, खाली बस? मी उठले नाही. ज्योत्स्ना स्टेजवर आली, अण्णांच्या पाया पडली, मग मला मिठी मारून माझ्या शालीत तोंड खुपसून रडली. "तुझ्यामुळं झालं," ती म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिच्यासाठी मला आनंद झाला, अगदी खरा झाला, आणि त्याच वेळी ती मला नकोशी झाली.

अण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. ते माझ्या कानाशी वाकले.

"मुद्दाम दिली बरं का," ते हळूच म्हणाले. "जागा राह्यली असती तर तिकडं जरा अवघड झालं की तू पळून आली असती. मला तुझा सभाव ठाव हाय. आता मागं वळायचं न्हाई. आता लिही."

"हो, अण्णा."

"रडू नको. लोकं बघून राह्यलेत."

शेठनी पलीकडून मान पुढे काढली. "तृप्तीबेटी, तुझं पुण्याला कधी निघायचं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते माझ्या तोंडून सगळ्यांना ऐकवायचं होतं.

"सोमवारी," मी म्हणाले.

गुरुजींनी ते ऐकलं आणि लगेच माईकवरून जाहीर केलं, की केदारखेड्याच्या दोन लेकी येत्या सोमवारी आपापल्या कामावर रुजू होत आहेत, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळ मांडीवर ठेवून मीही वाजवल्या.