आधी कडी, मग दोर

समताचा जीव पिंजऱ्यात होता आणि मांजरीचा डोळा पिंजऱ्यावर. दोघींमध्ये जी लढाई झाली, तिची गोष्ट जानेफळच्या त्या आळीत लोक अजून हसत हसत सांगतात.

समता पाचवीतली, गुलाबरावांची नात. उन्हाळ्यात मेहकरच्या अविनाशमामानं तिला लव्हबर्डची जोडी आणून दिली होती. पिवळी मादी ती हळद, निळा नर तो नीळ. देताना मामानं बजावलं होतं, "पाखरं आणणं सोपं, सांभाळणं कठीण. नाही जमलं तं मी परत घेऊन जाईन, मंग रडायचं नाही."

तेव्हा घराची समोरची खोली रिकामी होती. समताच्या बाबानं, प्रसेनजितनं, पिंजरा छपराच्या मधल्या आड्याला टांगला. इतका उंच, की त्यालाही हात लावायला टाचा उचलाव्या लागत.

"आता मांजर काय, मांजरीचा बापही पोचत नाही," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मांजर घरचीच होती. काळी-पांढरी, मोठी रुबाबदार. रोज संध्याकाळी शेपटी ताठ करून घराला फेरी घालायची, म्हणून आजोबांनी तिचं नाव जमादारीण ठेवलं होतं. तिला घालवून देण्याचा विचारही कोणी करत नसे. सोयाबीन घरात आलं की उंदरांच्या वराती निघतात, आणि जमादारीण होती म्हणूनच या घरातले कट्टे, म्हणजे भरलेली पोती, शाबूत राहत.

यंदाही दिवाळीच्या सुमारास सोयाबीन आलं. समोरच्या खोलीत कट्ट्यांची थप्पी लागली आणि वाढत वाढत पिंजऱ्याखाली पोचली. समताला तर तेच हवं होतं. आजवर पाखरांना दाणे टाकायचे म्हणजे कोणाला तरी हाक मारावी लागे.

"बाबा, इकडून चार कट्टे पायरीसारखे लावा ना. मले राळा टाकाले बरं पडते."

लेकीचं मागणं केवढंसं! बाबानं पायऱ्या लावून दिल्या. समता तुरुतुरु वर चढायची, वाटीत राळा टाकायची, पाणी बदलायची आणि पिंजऱ्यात टांगलेल्या छोट्या मडक्यात डोकावायची. तिथं हळद अंड्यांवर बसली होती. पण पायरी काही विचारत नाही, तू कोण म्हणून. तिच्यावर जो पाय ठेवील, त्याला ती वर नेते.

एका दुपारी समता शाळेतून आली आणि तिनं दप्तर टाकलंच नाही, ते हातातून गळून पडलं. पिंजरा झोक्यासारखा हलत होता. जमादारीण पिंजऱ्याला लोंबकळत होती, एक पंजा गजांच्या आत घालून. नीळ आत भिंगरीसारखा फडफडत होता.

"आजी!"

जनकाबाई आतून काठी घेऊन धावल्या. काठी आपटल्याबरोबर मांजर उडी मारून पसार झाली. नीळच्या शेपटीची दोन पिसं सोयाबीनच्या कट्ट्यावर पडली होती. आजोबांनी चष्मा लावून पाखरू नीट न्याहाळलं. रक्त नव्हतं, ओरखडा नव्हता. हळद मडक्यातून हललीच नव्हती.

"वाचला," आजोबा म्हणाले. "नख लागलं असतं तं आत्ताच जनावरांच्या डॉक्टरकडे पळा लागलं असतं. मांजरीचं नख लय वाईट, पाखराले दिसत नाही तेवढं भोवते."

संध्याकाळी समताच्या आईनं, मंजुश्रीनं, निकाल दिला. "रविवारी अविनाश येऊन राह्यला. तोवर बंदोबस्त झाला तं ठीक, नाही तं पाखरं त्याच्यासंगं मेहकरले जातील. माह्या डोळ्यांदेखत मांजरीनं पाखरू खाल्लेलं मले पाहवणार नाही."

"आई, पण अंडी? गाडीच्या धक्क्यानं फुटतील! अन् जागा बदलली की हळद अंडी सोडून देते, मामानंच सांगितलं होतं."

"म्हणूनच सांगते, डोकं लाव."

समतानं रागानं जमादारिणीकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर बसून पंजा चाटत होती, जसं काही झालंच नाही. समतानं चप्पल उचलली.

"ठेव ते खाली," आजोबा म्हणाले. "उंदीर धरला की तूच तिले दूध पाजते. आता पाखरू धरू पाह्यलं तं चप्पल? तिले काय समजावं? मांजर मांजरासारखी वागली बेटा. चुकलं तं आपलं."

"आपलं काय चुकलं? पिंजरा तं उंच हाय."

"मले काऊन विचारते? तिले विचार." आजोबांनी मांजरीकडे बोट दाखवलं. "आता तू समता नाही, जमादारीण. तुले वर जाचं हाय. पाह्य बरं, वाट कुठून हाय ते."

समता दोन्ही हातांवर रांगू लागली. नेमकी तेव्हाच शेजारची डिंपल दारात आली आणि पोट धरून हसली. "काय व समते, दूध आणू का वाटीत?"

समता रांगतच पुढं गेली. जमिनीलगतून खोली वेगळीच दिसत होती. पिंजरा आभाळात टांगल्यासारखा. पण त्याच्या खाली एक कट्टा, त्याच्यावर दुसरा, मग तिसरा...

ती तशीच थबकली. "आजोबा, माह्या पायऱ्या!"

आजोबा हसले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली. "आपल्यासाठी केलेली वाट एकट्या आपली राहत नसते."

बाबानं कुरकुर केली, पण रात्रीच्या जेवणाआधी कट्टे हलवले. थप्पी पार पलीकडच्या भिंतीला गेली, पिंजऱ्याखालची जमीन मोकळी झाली. समताला वाटलं, झालं. तिनं पुन्हा रांगून पाहिलं, यावेळी कोणी न सांगता. आणि तिचं तोंड उतरलं. थप्पीच्या टोकावरून आडं हातभरच वर होतं. आड्यावरून चालत मधोमध यायचं आणि पिंजऱ्याच्या दोरीवरून खाली उतरायचं, एवढंच जमादारिणीचं काम राहिलं होतं.

"आमच्या शिंक्याचंही असंच होतं," जनकाबाई बाजेवरून म्हणाल्या. शाळेच्या वेळात पाखरांची राखण आता त्यांच्याकडे होती, काठी मांडीवर. "शिंकं तुटलं अन् बोक्याचं फावलं म्हणतात, पण आमच्या घरी तं शिंकं न तुटताच उंदराचं फावे. दोरावरून येत अन् लोणी खात. मंग माह्या सासूनं दोरात नारळाची करवंटी ओवली. एकही उंदीर उतरला नाही."

"करवंटीनं मांजर थांबन का आजी?"

"मांजर कुठी अन् उंदीर कुठी! तिले मोठं काही लागन."

समतानं मागच्या पडवीतून तेलाच्या मोठ्या डब्याचं चपटं झाकण शोधून आणलं. बाबानं मधोमध भोक पाडून ते दोरीत ओवलं. समता ते पिंजऱ्यावर लावायला निघाली तर आजोबांनी हात धरला.

"थांब. परीक्षा पाखरांवर घेते का? नापास झालो तं मरन कोण?"

मग पिंजऱ्यापासून लांब, आड्याच्या दुसऱ्या टोकाला एक टोपली टांगली. टोपलीत मूठभर सुकट. वर झाकण. सगळे बाजेवर बसले. जमादारिणीच्या मिशा थरथरल्या. ती थप्पीवरून आड्यावर गेली, दोरीवरून उतरली, झाकणावर ऐटीत बसली, पंजा खाली घातला आणि सुकट खाऊ लागली.

"वा! बसाले पाट देल्ला मांजरीले!" डिंपल टाळ्या पिटत ओरडली.

समताच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आजोबांनी तिला जवळ ओढलं, पण उपाय काही सांगितला नाही. एवढंच विचारलं, "आजीची करवंटी आठव. ती कशी होती?"

"गोल."

"झाकणही गोलच हाय."

 बराच वेळ समता दोन्ही तळव्यांची ओंजळ करून पाहत राहिली. मग तिनं ओंजळ उलटी केली.

"पालथी! करवंटी पालथी होती! तिच्यावर बसताच येत नाही!"

ती पडवीत धावली. तिथं एक फुटकं घमेलं पडून होतं. शेतात वापरून वापरून बुडाला भोक पडलेलं, म्हणून कोणी हात लावत नव्हतं. आज त्या भोकाचीच गरज होती. तिथंच कोपऱ्यात दुसरी एक वस्तू तिच्या नजरेस पडली: विहिरीवरची जुनी गडगडी. मोटर बसल्यापासून ते चाक गंज खात पडलं होतं. समतानं दोन्ही वस्तू छातीशी धरून आणल्या.

"अन् हे कशाले?" बाबानं विचारलं.

"मांजरीची वाट मोडली तशी माहीबी मोडली ना बाबा. गडगडी आड्याले लावा. दोर इथून सोडला की पिंजरा खाली, ओढला की वर. मले पायरी नको."

 बाबानं गडगडीला तेल घातलं.

रविवारी अविनाशमामा आला तेव्हा समोरच्या खोलीत जत्रा भरली होती. डिंपल तिच्या आईला घेऊन आली होती, शेजारचे किसनराव तर वर्तमानपत्र बगलेत मारून पहिल्या रांगेत बसले होते. सुकटीची टोपली टांगलेली, दोरीत पालथं घमेलं.

"परीक्षा कोणाची हाय?" मामानं विचारलं.

"जमादारिणीची," आजोबा म्हणाले. "पेपर समतानं काढला."

जमादारीण आली. कालची चव जिभेवर होती, त्यामुळे तिनं वेळ दवडला नाही. थप्पी, आडं, दोरी. घमेल्यावर पुढचे पाय टेकले आणि घमेलं एका अंगाला कललं. ती सरकली. नखं रोवायला गेली तर लोखंडावर कर्रर्र आवाज झाला. मागचे पायही सुटले, आणि मांजर घमेल्यावरून घसरगुंडी खेळत खाली, आजीनं पसरून ठेवलेल्या रिकाम्या पोत्यांवर, धप्पकन!

खोलीत हशा फुटला. जमादारीण उठली, अंग झटकलं, आणि जणू पडायचंच होतं अशा थाटात चालत जाऊन पुन्हा थप्पीवर चढली. पुन्हा धप्पकन. तिसऱ्यांदा ती आड्यावरच बसून राहिली, घमेल्याकडे पाहिलं, एक लांब जांभई दिली आणि उतरून अंगणात निघून गेली.

"सोडला पेपर!" किसनराव ओरडले. डिंपलनं समताला अशी मिठी मारली की दोघी पोत्यांवर पडल्या. आजोबांनी हरलेल्या जमादारिणीला टोपलीतली सुकट अंगणात नेऊन दिली.

मग बाबानं टोपली काढून गडगडी आणि घमेलं पिंजऱ्यावर बसवलं, हळदीला धक्का न लावता, दम धरून.

मामा मात्र अजून हसत नव्हता. त्यानं दोर हातात घेऊन पाहिला. "सगळं झकास हाय. पण भाची, दाणे टाकाले पिंजरा खाली येईन, तव्हाच मांजर आत आली तं? मंग घमेलं काय करन?"

 मंजुश्रीनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी हे शिकवलं नव्हतं. खरं तर त्यांनाही सुचलं नव्हतं.

समता उठली. दाराजवळ गेली, बाहेर डोकावून जमादारीण अंगणात आहे याची खात्री केली, दार लावलं आणि कडी घातली. मग आतल्या दाराची कडी. मग खिडकी. तेव्हा कुठं ती दोराजवळ आली आणि पिंजरा अलगद खाली घेतला.

"आधी कडी, मंग दोर," ती म्हणाली. "अन् पिंजरा वर गेल्याबिगर कडी काढाची नाही. मी असो नाही तं आजी असो."

मामानं दोन्ही हात वर केले. "माह्या गाडीत आता जागाच नाही व ताई. पाखरं इथीच राहतील."

मंजुश्रीनं पदरानं डोळे पुसले आणि रागावल्याचं सोंग करत म्हणाली, "चहा ठेवते. कडी काढा कोणी तरी!"

"पिंजरा वर जाऊ दे आधी!" सगळे एकदम ओरडले.

तेवढ्यात समतानं हात वर केला. "चूप!"

खाली आलेल्या पिंजऱ्यातल्या मडक्यातून बारीक, अगदी सुईच्या टोकाएवढा आवाज येत होता. ची. ची. हळदीनं अंग जरासं उचललं, आणि तिच्या खाली एक गुलाबी, उघडंनागडं, डोळे मिटलेलं पिल्लू चोच वर करून मागणं मागत होतं.

तोकड्या शेपटीचा नीळ मडक्याच्या तोंडाशी आला आणि बायकोला दाणे भरवू लागला, घरच्या कर्त्या माणसासारखा.

समतानं दोर ओढला. गडगडी किरकिर न करता फिरली, पिंजरा वर गेला, घमेलं छत्रीसारखं डोक्यावर. तिनं दोर खुंटीला पक्का बांधला, मगच जाऊन कडी काढली. उंबऱ्यावर जमादारीण बसली होती, सुकट खाऊन तृप्त. ती आत आली, वर पाहिलं, आणि सरळ सोयाबीनच्या थप्पीकडे आपल्या नेहमीच्या पहाऱ्याला गेली.