वाळू कडक आहे!

मी लॅखलनचा डावा बूट. गुडघ्याएवढा, काळ्या रबराचा, टाचेशी झिजलेला. उजवा जोडीदार स्वभावानं अबोल, म्हणून दोघांच्या वतीनं मीच बोलतो. शिवाय जे घडलं ते माझ्या पोटात घडलं.

आमच्या बेटावर विमान समुद्रकिनाऱ्यावर उतरतं. ओहोटीला जी वाळू उघडी पडते तीच धावपट्टी. भरती आली की तिच्यावरून मासे फिरतात. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्यातलं काही आठवत नाही. आयुष्य सुरू झालं ते एफीनं मला बंदरावरच्या दुकानातून नवऱ्यासाठी आणलं तेव्हा.

"एक नंबर मोठाच आणलाय," ती म्हणाली. "दोन मोजे घाल. नाहीतर अंथरुणात शिरलास की ते बर्फाचे पाय माझ्याच पोटऱ्यांना चिकटवतोस."

लॅखलनचं काम वाळू तपासायचं. विमान येण्याआधी सगळा पट्टा चालायचा आणि दर दहा पावलांवर डावी टाच दाणकन आपटायची. खालून दणका बसला तर वाळू कडक, टाच रुतली तर मऊ. मऊ वाळूत पुढचं चाक अडकलं तर विमान नाकावर पडणार. मग तो वॉकीटॉकीवर सांगायचा, "वाळू कडक आहे!" तेवढ्या शब्दांवर वैमानिक खाली यायचे. मला त्याची केवढी घमेंड होती म्हणून सांगू!

पुढे लॅखलनला साखरेचा आजार जडला आणि पाय बधिर होत गेले. एकदा एक फुटकं शिंपलं माझ्यात पडलं, पात्यासारख्या धारेचं. तो दिवसभर त्याच्यावर चालला आणि त्याला पत्ताच नाही. संध्याकाळी एफी रोजच्यासारखी पुढ्यात बसली. "आण पाय."

"राहू दे. मी काय म्हातारा झालो?" असं म्हणून त्यानं मला न्हाणीघरात नेलं. तिथं मोजा निघाला तो रक्तानं भिजलेला. त्यानं तो गुपचूप शेकोटीत टाकला. त्या दिवसापासून बूट काढायला तो एफीला जवळ येऊ देईना.

वर्षभर तो टाच आपटत राहिला, पण ते नुसतं नाटक होतं. वाळू तो डोळ्यांनी बघायचा आणि नशिबानं ती कडक निघायची. माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. पण बुटाचं कोण ऐकतं?

मार्चमध्ये दोन दिवस वादळ झालं. तिसऱ्या सकाळी चहा ओतताना एफीच्या हातातली किटली पडली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. नर्स म्हणाली, डोक्यात गुठळी असणार, आता मिनिट न् मिनिट मोलाचं. मुख्य भूमीवरून रुग्णविमान निघालं. एफीला गाडीत घालून किनाऱ्यावर आणलं.

लॅखलन जवळजवळ पळतच पट्टा चालला. मध्यावर मी घोट्यापर्यंत रुतलो. वादळानं समुद्राला मिळणाऱ्या ओढ्याची वाट बदलून ती पट्ट्यावर आणली होती. त्याला काही कळलं नाही. "वाळू कडक आहे!" तो ओरडला.

मग एफीची गाडी बघायला वळला, तेव्हा त्याला आपलीच पावलं दिसली. टाचेच्या खड्ड्यांत पाणी भरत होतं.

विमान आवाज करत खाली येत होतं. लॅखलननं वॉकीटॉकी पुन्हा तोंडाशी धरली. मी रबराचा, तरी माझं काळीज फाटलं.

"उतरू नका!" तो म्हणाला. "वाळू मी तपासलेली नाही. माझ्या पायाला काही कळत नाही. वर्ष झालं."

ती वॉकीटॉकी किनाऱ्यावर सगळे ऐकतात. त्याची पुतणी मार्सली तिथंच सामान चढवायच्या कामाला. ती धावत आली. "काका, डोकं ठिकाणावर आहे का? काकू गाडीत आहे!"

"म्हणूनच सांगतोय. बूट काढ, अनवाणी पळ. तुझ्या टाचेला कळेल."

त्या गोठवणाऱ्या पाण्यातून पोरगी पळाली. किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकड्यांच्या बाजूला तिला कडक पट्टा सापडला, खुणेचे झेंडे हलवले. त्यात चौदा मिनिटं गेली. विमान उतरलं तेव्हा भरतीचं पाणी चाकांना लागत होतं.

एफी वाचली. उजवा हात मात्र परत आला नाही. तो त्या चौदा मिनिटांत गेला की आधीच गेला होता? डॉक्टरला सांगता आलं नाही. लॅखलननं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. त्याच इस्पितळात त्याच्या डाव्या पायाची चिघळलेली जखम उघडी पडली आणि तो पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आता माझ्यात खोटा पाय असतो. वाळू मार्सली तपासते. लॅखलन झेंडा धरून उभा राहतो आणि ती "कडक!" म्हणाली की मान खाली घालतो.

संध्याकाळी एफी पुढ्यात बसते. "आण पाय," ती अडखळत म्हणते. तो मुकाट्यानं पुढे करतो. मला ती डाव्या हातानं ओढून काढते आणि आत हात घालून टाचेपासून अंगठ्यापर्यंत चाचपते.

"अगं, त्या पायाला काय टोचणार आहे आता?" लॅखलन म्हणतो.

"गप बस," ती म्हणते. "हे वर्षभर आधी बघायला हवं होतं."

घरात नव्या बुटांच्या गोष्टी चालल्यात. खुशाल आणा. मला मात्र दाराशी राहू द्या. तो हात आत आला की मला बरं वाटतं.