दोन सेलमधली फट

नागपुरात रामदासपेठेतल्या एका कंपनीत मेघा चिपचे आराखडे करायची. संगणकाच्या पडद्यावर हजारो छोटे सेल ओळीनं, एकमेकांना खेटून बसवायचे, असं ते काम. दोन सेलमध्ये फट राहिली तर त्यांच्या खालून जाणारा थर तुटतो. म्हणून अशा फटीत फिलर नावाचा कोरा सेल भरतात. मेघानं आपल्या भागातले सगळे फिलर भरले होते.

पण ग्राहकानं ऐनवेळी बदल सांगितला. सेल सरकवायला जागा हवी म्हणून टीमचे प्रमुख सुशील सर यांनी मेघाच्या शेजारी बसणाऱ्या पायलला त्या भागातल्या एका ओळीतले फिलर काढायला लावले. ते परत भरायचे राहूनच गेले. सॉफ्टवेअर लाल खूण दाखवत होतं. मेघानं ती सरांना दाखवली. एवढ्याशा फटीनं काही होत नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःच सॉफ्टवेअरमध्ये ती चूक ‘माफ’, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी, अशी नोंदवून टाकली आणि आराखडा कारखान्याला पाठवला.

चाचणीच्या चिपा आल्या त्या थर तुटलेल्या त्याच ओळीपाशी गरम होऊन बंद पडू लागल्या. ग्राहकासोबतच्या ऑनलाइन बैठकीत सुशील सर शांतपणे म्हणाले, “तो भाग मेघाचा होता. नवीन आहे, नजरचूक झाली.”

मेघाला तिथं चार वर्षं झाली होती. तिनं तोंड उघडलं तोवर विषय पुढे गेला होता. नंतर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून समजावलं, की तुझी चूक लोक विसरतील, माझी विसरणार नाहीत. तू फक्त दुरुस्ती कर. ती उठून बाहेर आली.

चहाच्या टपरीवर पायल हळूच म्हणाली, “जाऊ दे नं. कायले वाढवतं वं?”

“फट मी ठेवली असती तं कबूल केली असती,” मेघा म्हणाली. “मी तं दाखवली होती. मंग काहून घेऊ आपल्यावर?”

पायल चहाचे पैसे द्यायला उठली.

घरी जाताना कोराडीच्या बसमध्ये मेघाला एकच दिसत होतं: सर तिचं नाव घेताना जराही अडखळले नव्हते.

पुढच्या बैठकीत तिनं दुरुस्ती दाखवण्याआधी ती रिकामी ओळच पडद्यावर लावली. ही फट आपण आधीच दाखवली होती आणि ती माफ करण्याचा निर्णय आपला नव्हता, असं तिनं सांगितलं. सर मधेच थांबवू लागले. ग्राहकाकडच्या हर्षा मॅडमनी विचारलं, की मग फिलर काढले कोणी?

पायल म्हणाली, “मी काढले. सरांनी सांगितलं म्हणून. मेघानं त्यांना फट दाखवली तेव्हा मी तिथंच होते.”

सरांना तो निर्णय आपला होता हे मान्य करावं लागलं. माफी मात्र त्यांनी मागितली नाही. काम मेघाकडेच राहिलं, पण तेव्हापासून सर तिच्याशी निरोपानंच बोलू लागले.

त्या बैठकीच्या संध्याकाळी टीममधला मोहित तिच्या टेबलाशी आला. तो दोन्ही बैठकांना हजर होता. तू बरोबर आहेस हे आम्हा सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं, असं तो हसत म्हणाला.

“मग पहिल्या दिवशी तू काहून नाही बोलला?” मेघानं विचारलं.

मोहितचं हसू मावळलं. त्याला घाई होती म्हणे. तो गेला, आणि मेघाला दिवसभरात आला नव्हता एवढा राग तेव्हा आला.