बंद करायचे बटण

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही आता माझ्याकडे कौतुकाने बघत आहात, त्याचाही मला संशयच येतो.

कारखान्यातून मी बाहेर पडलो तेव्हा काळा, चकचकीत होतो. मुंबईच्या एका दुकानातून मृणाल सामंत यांनी मला विकत घेतले आणि सिल्वासाला आणले. त्यांचे वडील इथल्या शाळेत शिक्षक होते, म्हणून त्या इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या. पुढे मानसशास्त्र शिकल्या आणि परत आल्या. ज्या मुलांविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली आहे किंवा ज्यांना सांभाळायला घरी कोणी नाही, अशा मुलांशी बोलायचे आणि त्यावर संशोधन करायचे, हे त्यांचे काम. मला वाटले, झाले! आता मुलांच्या पोटातले काढून घ्यायला माझा उपयोग करणार.

पण बाईंची रीत वेगळीच निघाली. मुलाशी बोलायला बसल्या की त्या मला टेबलावर ठेवायच्या नाहीत, मुलाच्या मांडीवर ठेवायच्या. म्हणायच्या, "हे बंद करायचं बटण. वाटेल तेव्हा दाब. बंद असताना तू जे बोलशील, ते माझ्यापाशी राहील." इतर रेकॉर्डरची कुठली बटणे झिजतात ते मला ठाऊक नाही. माझे मात्र तेवढे एकच बटण झिजून गुळगुळीत झाले आहे.

मला हे सगळे गोड बोलून पोटातले काढून घेणेच वाटायचे. बंद असताना मी काही धरून ठेवू शकत नाही, पण बाईंचे कान तर उघडेच असतात! त्या कोणाला सांगणार नाहीत, हे कशावरून?

हाच प्रश्न दुर्गालाही पडला होता. दुर्गा सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या चाळीत राहणारी, तेरा वर्षांची. तिची आई केसरबाई नंदुरबारकडून आलेली आणि सायलीच्याच एका कारखान्यात कामाला. त्या कारखान्यातली तांब्याची तार चोरीला गेली आणि ती दुर्गाच्या पिशवीत सापडली. पोलिसांनी विचारताच तिने सांगून टाकले, तार मीच घेतली. तेव्हापासून ती मुलींच्या निरीक्षणगृहात होती. खरे तर अशा मुलींना लवकर घरी सोडतात, पण तिला न्यायला घरचे कोणीच पुढे आले नव्हते.

बाईंना तिचा कबुलीजबाब पटेना. मलाही पटला नाही. चोरी केलेले मूल आधी "मी नाही" म्हणते, हे आम्ही दोघांनी पुष्कळदा ऐकले होते. ही तर पाठ केल्यासारखे बोलत होती.

एके दिवशी तिने बटण दाबून मला बंद केले आणि हळूच म्हणाली की न्हाणीघराच्या खिडकीचा गज तिने सैल केला आहे, आज संध्याकाळी ती निघून जाणार. बाईंनी मला पिशवीत घातले आणि उठल्या.

त्या खिडकीच्या मागच्या बाजूला हमरस्ता होता आणि त्यावर मसाटच्या कारखान्यांचे ट्रक सुसाट जात. पिशवीतून मला कळत होते, बाई अधीक्षकांच्या खोलीकडे निघाल्या आहेत. म्हटले, बघा, शेवटी हेच! अधीक्षक जयवंतरावांनी चहा मागवला आणि पोरगी काय म्हणाली ते विचारले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्ट कागदावर हवी असे. बाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, तिच्यासमोर सांगते, चला. आणि त्याच पावली मागे फिरल्या.

दुर्गासमोर बसून त्या म्हणाल्या, "गजाचं मी यांना सांगतेय. तुला शब्द दिला होता, तो मोडतेय, पण तुझ्या तोंडावर मोडतेय. तू ट्रकखाली आलीस, तर माझा शब्द घेऊन मी काय करू?"

जयवंतराव धावतच गज बघायला गेले. दुर्गा मात्र जागची हलली नाही. बाईंकडे बघत म्हणाली, "गज पक्काच शे. मी पाहत होती, तुम्ही माझ्या पाठीमागं सांगता का काय."

मित्रांनो, ती पोर माझ्याहून संशयी निघाली. मला फार आवडली ती.

मग तिने मला मागून घेतले. आवाज धरून ठेवायला माझी दोन बटणे एकदम दाबावी लागतात. ती तिने स्वतः दाबली आणि बोलू लागली. तार तिच्या वाल्मिकमामाने चोरली होती. मामा त्याच कारखान्यात मुकादम, केसरबाईला काम त्यानेच लावून दिलेले. तो दुर्गाला म्हणाला होता, लहान पोरांना काही होत नाही, दोन दिवसांत सोडतात, तू नाव घे. मी आत गेलो तर तुझ्या आईचेही काम जाईल. या कारखान्यांच्या पट्ट्यात लहान पोरांना काही होत नाही ही समजूत मोठी माणसे खरी मानून चालतात, आणि आत बसतात पोरे. वर तोच मामा केसरबाईला सांगत होता, तू तिकडे गेलीस तर तुलाही धरतील.

जयवंतराव परत आले आणि टेप मागू लागले. बाईंनी दिली नाही. दुर्गाला वाटले तर ती स्वतः बाल न्याय मंडळापुढे बोलेल, नाहीतर ही टेप कोणी ऐकणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांनी केसरबाईला बोलावणे धाडले. लेकीने सगळे पुन्हा आपल्या तोंडाने आईला सांगितले. मला वाटले, ही बाई आता भावाचीच बाजू घेणार. केसरबाईने लेकीला जवळ ओढले.

मग म्हणाली, "भाऊ भाऊच शे. पन ही माझ्या पोटची शे. चल पोरी, मी बी येते बोलाले."

दोघी मंडळापुढे बोलल्या आणि दुर्गा आईबरोबर घरी गेली. केसरबाईचे काम गेले. दादऱ्याच्या एका कारखान्यात दुसरे मिळायला वेळ लागला, आणि मामाने बोलणे टाकले ते कायमचेच. सगळेच गोड झाले असे मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या दिवसापासून बाई प्रत्येक मुलाला आधीच बजावू लागल्या, "तुझ्या जिवाला धोका असेल तर मात्र मी सांगेन, आणि तुझ्यासमोरच सांगेन."

मोठ्यांचे गुन्हे अंगावर घेणाऱ्या मुलांवर बाईंनी पुढे खूप अभ्यास केला. मोठमोठ्या सभांत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवून हीच माणसे घरी गेल्यावर काय करतात, असा मला आपला संशय. मग कॅसेट मिळेनाशा झाल्या, माझ्या आतला फिरता पट्टा तुटला आणि मी कपाटात धूळ खात पडलो. तेव्हा मला फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू!

निवृत्त होताना बाईंनी मला त्यांच्या जागी आलेल्या अभिजीतला दिले. त्याने मला शोभेसाठी टेबलावर ठेवले. तो मोबाईलवर आवाज घेतो, आणि मोबाईल स्वतःपुढे असतो. मुले त्याच्याशी बोलत नाहीत, आणि का बोलत नाहीत ते त्याला कळत नव्हते.

परवा एक मुलगी आली. ती काही केल्या बोलेना. तिने मला उचलले आणि माझे झिजलेले बटण दाबले. खट्. मग त्याच्या मोबाईलकडे बघितले. पुन्हा खट्. अभिजीतने माझ्या त्या गुळगुळीत बटणावरून बोट फिरवले. मग त्याने मोबाईल तिच्यापुढे सरकवला आणि तो कुठे बंद करायचा ते दाखवले. तिने तो लगेच बंद करून टाकला, आणि मग बोलायला लागली.

अभिजीतवर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. मी लक्ष ठेवून आहे. पण मित्रांनो, माझे एवढे ऐका. जुन्या वस्तू जपा न जपा, लहान मुलांचे बोलणे जपा. आणि तुम्हाला कोणी गोड बोलून बोलते करू लागले, तर संशय घ्यायला लाजू नका. बोलण्याआधी विचारा, बंद करायचे बटण कुठे आहे. ते जो तुमच्या हातात देईल, त्याच्याशी बोला.