करंजाखालचा चोर

फुलवंताबाईची जीभ म्हणजे विळा, असं गाव म्हणायचं आणि ते खोटं नव्हतं. महिन्यापूर्वी तिच्या शेळीचं एक पिल्लू नाहीसं झालं, तेव्हा तिनं पारावर चारचौघांत नवलसिंगाचं नाव घेतलं. बिबट्या असता तर रक्त सांडलं असतं, तरस असतं तर हाडं तरी उरली असती. इथं काहीच नव्हतं, म्हणजे माणूसच. आणि त्या दिवशी नाल्याकडून येताना नवलसिंग दिसला होता. एवढ्यावरून त्याला कुणी शेतावर कामाला बोलावीना. काल दुसरं पिल्लू गेलं, गळ्यात घुंगरू बांधलेलं. आज संध्याकाळी त्याला गावाबाहेर काढायची बैठक होती.

सकाळी ती शेळ्या घेऊन निघाली. रोजची वेळ, रोजची वाट. नाल्याकाठच्या करंजापाशी म्हातारी काबरी शेळी अडली. पाय आपटले, नाकातून फुसकारली, पुढं जाईना. फुलवंताबाईनं दोनदा हाकललं आणि मग तीच थबकली. नवलसिंगाला काबरी कधी बिचकली नव्हती, उलट त्याच्या हातचा पाला खायची.

आपण चुकलो असू तर ते बैठकीआधी कळायला हवं, मग गावात नाक कापलं गेलं तरी चालेल. तिनं शेळ्या मागं नेऊन बांधल्या आणि वाटेसमोरच्या दगडावर बसली. ऊन डोक्यावर आलं, तहान लागली, पण बाई हलली नाही.

दुपारी वाळक्या पाल्यातलं एक जाड मूळ तिला श्वास घेताना दिसलं. मध्ये चांगलंच फुगलेलं. अजगर.

अजगर शिकारीमागं धावत नाही. जनावरांच्या पायवाटेला तोंड करून दिवसच्या दिवस पडून राहतो. अंगाची ऊब जवळ आली की झडप, लगेच विळखा. पिल्लू ओरडायच्या आत त्याचा श्वास कोंडतो, मग तो अख्खं गिळतो. रक्त सांडायचं कुठून? आणि रोज त्याच वेळी त्याच वाटेनं शेळ्या आणून फुलवंताबाईनंच त्याचं ताट वाढलं होतं.

तिनं हाक मारली तसा दीर रूपसिंग कुऱ्हाड घेऊन धावला, मागं अर्धं गाव. ती आडवी उभी राहिली.

"त्याले पोट शे," ती म्हणाली. "माले डोकं व्हतं, मी ते वापरं नही."

गलक्यानं अजगर बिथरला. अंगाला झटके देत त्यानं गिळलेलं ओकून टाकलं आणि हलका होऊन नाल्यात सरकला. पाल्यात ओलं, लांबट झालेलं पिल्लू पडलं होतं. गळ्यात घुंगरू होतं.

संध्याकाळी, जिथं नाव घेतलं होतं त्याच पारावर उभी राहून तिनं ते परत घेतलं. "नवलसिंग चोर नही. मन्ही जीभ चुकनी."

नवलसिंग खाली बघत होता. तसाच म्हणाला, "काकी, अजगरनी पिल्लू ओकी दिधं. तू मन्हा महिना कसा परत देशी?"

फुलवंताबाईनं पारावरून वरच्या टोकाच्या घरांकडं पाहिलं. तिला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शेळ्या गोठ्यातच राहिल्या. तिनं घुंगरू धुऊन पदराच्या गाठीला बांधलं आणि गावाच्या वरच्या टोकाचं पहिलं दार वाजवलं. "नवलसिंग चोर नही, त्याले कामले बलावा," ती म्हणाली. गावात एकशे चाळीस घरं होती.